बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत

बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. शाळेत 'आनंदी आनंद गडे' तालावर म्हटलेल्या माणसाच्या मनात ही शंका येण्याचं कारणच नाही. पण आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना ते वाक्य जरा वेगळं ऐकू येतं. कारण धरणगावचा हा त्र्यंबक बापूजी ठोमरे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला होता. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि त्यानंतर तो नगरला टिळकांकडे आला. टिळक गुरू, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आईच्या जागी. मुलगा विशीच्या आतबाहेरचा, हळवा, आपल्याच तंद्रीत राहणारा.

टिळक त्या वेळी अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणं हेच त्यांचं काम. भजनं लिहायची, कीर्तनं करायची, मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रासाठी मजकूर द्यायचा. असा माणूस आणि त्याच्या घरात, त्याच्याच पंखाखाली, त्याच्या शब्दासाठी जीव टाकणारा पोरगा. सुवार्तिकाच्या नजरेने पाहिलं तर याहून सोपी संधी कोणती? आणि तरी मे १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ठोमरे गेले, तेव्हा ते जन्माला आले तसेच हिंदू होते. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं.

मिशनांचे वार्षिक अहवाल ज्यांनी चाळले आहेत त्यांना ठाऊक असेल, त्यात बाप्तिस्म्यांचा आकडा असतो. त्या आकड्यात ठोमरे नाहीत. त्यांच्या कवितेत निसर्गाकडे पाहण्याची जी निर्मळ नजर आहे, तिच्यात नगरच्या त्या घराचा वाटा किती, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? टिळकांनी ते कुठे लिहायचा प्रयत्न केल्याचं माझ्या वाचनात नाही. हा मुलगा आपल्या हाती लागला नाही, अशी रुखरुखही दिसत नाही. माया दिसते, काळजी दिसते, त्याच्या विक्षिप्तपणावर रागावणं दिसतं. मला या माणसाचं सर्वांत मोठं ख्रिस्तीपण इथे वाटतं, आणि हे मी त्यांची भजनं दर रविवारी गाऊन सांगते आहे.

टिळक स्वभावाने नम्र होते असा कोणाचा समज असेल तर तो आधी काढून टाकावा. माणूस तापट होता. एका नोकरीत टिकायचा नाही. मनात आलं की उठून चालू लागायचा, घरात पीठ आहे की नाही याचा पत्ता नाही, आणि हातात चार पैसे आले की ते भेटेल त्याला देऊन मोकळा. लक्ष्मीबाईंनी हे सगळं इतक्या हसतखेळत लिहून ठेवलंय की नवऱ्याची बाजू घ्यावी की बायकोची, हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं. म्हणून ठोमऱ्यांच्या बाबतीत जो धीर दिसतो तो टिळकांच्या अंगचा नव्हे. तो कुठून तरी त्यांना दिला गेला. आमच्या भाषेत त्याला कृपा म्हणतात.

तो धीर त्यांना मिळाला कसा, याचा माग घरातच लागतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, अतोनात सोवळं पाळणाऱ्या बापाच्या घरात वाढलेली ती बाई. तिच्यावर आभाळ कोसळलं. माहेरच्यांनी तिला नेलं, मुलाला घेऊन ती पंढरपूरला राहिली, वेडी होते की काय अशी अवस्था झाली. पुढे ती नगरला आली तरी एकदम नवऱ्याच्या पंक्तीला बसली नाही. तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी ते मोडलं नाही. त्या काळचा नवरा, तोही असा तापट, एका शब्दात मोडू शकला असता. 'मी तुझा नवरा आहे, मी सांगतो तसं कर' एवढं म्हणायला अधिकार होता, रूढीचा पाठिंबा होता. त्यांनी तो वापरला नाही. मग कधीतरी लक्ष्मीबाईंना आपणहून प्रश्न पडला की जात देवाने केली की माणसाने, आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग त्या चालत गेल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली पाच वर्षं टिळकांनी काय केलं असेल? प्रार्थना केली असेल, चिडले असतील, कविता लिहिल्या असतील. पटवण्यात मात्र ते हरले होते, आणि ते हरणंच त्यांच्या उपयोगी पडलं असावं.

स्वतः टिळकही वादात हरून ख्रिस्ती झालेले नव्हते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. बोलणं अदबीचं, संस्कृत काव्यावरही गप्पा झाल्या. निघताना त्याने बायबलातल्या नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि म्हणाला, वाचा, प्रार्थना करा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. हे शेवटचं वाक्य मला आजही खटकतं. इतक्या खात्रीने दुसऱ्याच्या आत्म्याचं पंचांग सांगणं माझ्या पचनी पडत नाही, जरी ते पुढे खरं झालं तरी. पण त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पुस्तक दिल्यावर तो गेला. पाठपुरावा नाही, फेऱ्या नाहीत. टिळकांना धरून ठेवलं ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. ते शब्द सोडून उठवेना, असं त्यांनी पुढे सांगितलं. पुस्तक देणाऱ्याचं काम डब्याच्या दारापाशी संपलं होतं.

माझी आजी बायबलबाई होती. आता हा शब्द आमच्याकडेही नव्या पोरांना समजावून सांगावा लागतो. मिशनने नेमलेल्या बायका, खेड्यापाड्यांत जाऊन घरातल्या बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायच्या, कोणाचं मूल तापलेलं असलं तर दवाखान्याची वाट दाखवायच्या. आजीच्या खांद्याला कापडी पिशवी असे आणि पायांत टायरच्या चपला. महिन्याच्या शेवटी मड्डमसाहेबांना वही दाखवावी लागे. कोणत्या गावात गेलो, किती घरी बसलो, कोणी ऐकलं. आजी तेवढंच लिही. मानलं किती जणींनी, असं विचारलं की म्हणे, "ते मी कसं सांगू? मी काय त्यांच्या पोटात शिरून बघितलं?" मड्डमसाहेब हसत की रागावत, हे आजीने कधी सांगितलं नाही.

तिच्या त्या उत्तरामागे आमचा इतिहास होता. नगर जिल्ह्यात आमचे बहुतेक पूर्वज गावकुसाबाहेरचे, आणि दुष्काळाच्या वर्षांत मिशनच्या दारात आलेले बरेच. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग शतक संपता संपता लागोपाठचे दोन. 'भाकरीसाठी बाटले' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मी त्यावर भांडत नाही. माझ्या पणजोबांच्या मनात आधी काय आलं, भाकरी की येशू, मला ठाऊक नाही. भुकेल्या माणसाच्या पोटात असे दोन वेगळे कप्पे असतात असं वाटत नाही. पाटलाच्या वाड्याबाहेर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी 'आत या, बसा' म्हणालं, हेही त्याच्या विश्वासाचं कारण असू शकतं आणि त्यात कमीपणा नाही. पण देणाऱ्या हाताचं तसं नाही. घेणारा लाचार असताना देणाऱ्याने आपल्या शब्दाचं वजन दहादा तपासावं. आजीच्या पिशवीत कधीही धान्य नसे. ते मिशनने ठरवलं होतं की तिने, कोण जाणे.

मी परिचारिका झाले तेव्हा हाच प्रश्न रोजचा झाला. पलंगावर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या नाकात नळी, हाताला सलाईन, आणि उशाशी तुम्ही. अशा माणसाला तुम्ही काहीही ऐकवू शकता. म्हणूनच ऐकवू नये, असं माझं मत झालं आणि ते बदललं नाही. विचारलं तर सांगायचं. मागितली तर प्रार्थना करायची. नाही मागितली तर चादर नीट करायची, अंग पुसायचं, आणि प्रार्थना आपल्या मनात. हे माझ्या काही सहकारी भगिनींना भित्रेपणाचं वाटे. 'जो लोकांसमोर माझा स्वीकार करील' ते येशूचं वचन त्या मला ऐकवत. माझंही उत्तर बायबलातच होतं: येशूच्या शिष्याने, पेत्राने लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला सदा सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या. विचारलं तर, हे त्याने उगाच नाही लिहिलेलं.

एकदा मात्र अशी गंमत झाली की तिचं काय करावं हे मला अजून कळत नाही. सर्पदंशाचा एक तरुण शेतकरी आला. घोणस चावलेली, पाय मांडीपर्यंत सुजलेला, लघवी बंद. बायकोने माझा हात धरला आणि म्हणाली, "सिस्टर, तुमच्या देवाला सांगा ना." मी तिच्याशेजारी उभी राहून प्रार्थना केली, तिला ऐकू जाईल अशी, साध्या शब्दांत. त्याच वेळी त्याची आई व्हरांड्यात खंडोबाला नवस बोलत होती. आणि आमचे निवासी डॉक्टर, जे स्वतःला काहीच मानत नसत, ते रात्रभर त्याच्या उशाशी बसून होते. सर्पविषावरच्या लशीच्या बाटल्या कमी पडल्या, तर त्यांनी फोन करून दुसरीकडून आणवल्या. माणूस वाचला.

महिन्याभराने म्हातारी वॉर्डात हजर. जेजुरीला जाऊन आली होती. हातात भंडाऱ्याची पुडी. मी काही म्हणायच्या आत तिने चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "तुमच्या देवाने आन् आमच्या देवाने मिळून केलं गं बाय." पांढऱ्या गणवेशावर पिवळे डाग पडले. एका सहकारणीने मला बाजूला घेऊन विचारलं, तू पुसलं का नाहीस? म्हातारीच्या देखत पुसणं मला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी पुसलं नसतं.

आता ही घटना मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या लोकांपुढे, देवाच्या अनुभवाची साक्ष म्हणून सांगायची झाली तर कशी सांगणार? साक्षीचा एक ठरलेला साचा असतो. आजार, डॉक्टरांनी सोडलेली आशा, प्रार्थना, चमत्कार, टाळ्या. हल्ली त्यात की-बोर्डवर मागे हळू सूर धरतात. अशा साक्षी मी खूप ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या काहींच्या वेळी मी स्वतः ड्युटीवर होते. साक्षीतून लशीच्या बाटल्या हमखास गळतात. खंडोबा तर उभाच राहू शकत नाही. मी खंडोबाला मानत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हातारीलाही ठाऊक होतं. पण ती होती तिथे, तिचा नवस होता, डॉक्टरांची झोप होती. हे सगळं कापून जी गोष्ट उरते ती देवाच्या गौरवासाठी नसते, ती माझ्या गौरवासाठी असते. बघा, मी प्रार्थना केली आणि माणूस उठला! लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहून देवाला आपल्या धार्मिकपणाचा हिशेब सांगणारा परुशी, म्हणजे कर्मठ यहुदी, आहे ना, तोही देवाचे आभारच मानत होता. म्हणून ती साक्ष मी दिली नाही. आज इथे सगळ्यांसकट सांगितली.

ज्यांना वाटतं की नम्रता म्हणजे हळू आवाजात बोलणं, त्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावं. त्या बाईचा आवाज कधीच हळू नव्हता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि चर्चची कोणती शिकवण मानायची, कोणती नाही यावर त्या तिथेही वाद घालत राहिल्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. तिथे धर्मशिक्षण देणार नाही असा त्यांचा शब्द होता. पण त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. लहानपणी मला ही गोष्ट रमाबाईंच्या शौर्याची म्हणून सांगितली गेली. आज मी दोन्हीकडून बघते. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मुलीसोबत प्रार्थना करताना दार का लावायचं, हे रमाबाईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आणि विधवा लेकीला विश्वासाने तिथे ठेवलेल्या बापाच्या पोटात गोळा आला, तेही मला समजतं. त्या मुलींना जायला दुसरं घर नव्हतं. माझ्या वॉर्डातला पलंग आणि ते उघडं दार यांत फार अंतर नाही. मी निकाल देऊ शकत नाही.

पण रमाबाईंचं मला याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. जगभर नाव झालेलं, अमेरिकेत व्याख्यानं दिलेली, आणि ही कबुली! आठेक वर्षांनी ते उमगलं, आणि त्यात एका इंग्रज पाळकाच्या आत्मकथनाचाही हात होता. विल्यम हॅस्लम हे त्याचं नाव. १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावच्या चर्चमध्ये हा उपदेश करत होता, आणि बोलता बोलता व्यासपीठावर त्यालाच प्रकाश पडला. समोर बसलेल्यांतून कोणीतरी ओरडलं की पाद्रीसाहेबांचंच परिवर्तन झालं! मला ही गोष्ट अतिशय आवडते. उपदेश त्याचा, आणि ऐकणाऱ्यांत सर्वांत गरजू तोच.

कृपेवर भिस्त ठेवणं म्हणजे माझ्या लेखी हेच. सांगणाराही त्याच रांगेत उभा, काही वेळा सर्वांत मागे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय की मी तुमच्याकडे आलो तो अशक्त, भ्यालेला, थरथरणारा असा आलो. मी लावलं, अपुल्लोसाने, म्हणजे दुसऱ्या एका प्रचारकाने, पाणी घातलं, वाढवलं देवाने, असंही तोच लिहितो. ज्याने अर्धं भूमध्य पालथं घातलं त्या माणसाने.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळं देवच करणार असेल तर आपण तोंड तरी कशाला उघडायचं? माझ्यासारखीने 'विचारलं तर सांगेन' म्हणत आयुष्य काढलं, आणि कोणी विचारलंच नाही तर? खरं सांगायचं तर गप्प राहण्यातही अहंकार असतोच. लोक हसतील, नावं ठेवतील, सोसायटीत वेगळं पाडतील, या भीतीला आपण नम्रतेचं नाव देतो. आजकालच्या हवेत तर ते फारच सोयीचं आहे. नाताळाला केक आणि करंज्या शेजाऱ्यांना द्यायच्या, आणि नाताळ कशाचा असतो हे विचारलं तर 'आमची दिवाळीच समजा' म्हणून विषय संपवायचा. हे मी इतक्यांदा ऐकलंय! टिळकांनी असं कधी केलं नाही. ते रस्त्यात उभं राहून भजन म्हणत, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं उघड सांगत. ज्याच्याविषयी प्रेम आहे त्याच्याविषयी माणूस बोलणारच. ठोमऱ्यांच्या कानांवर त्या घरात येशूचं नाव दिवसातून किती वेळा पडलं असेल! पडत राहिलं, एवढंच. पुढचं टिळकांनी आपल्याकडे घेतलं नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्यांचा मेळा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. मिशनमधल्या पुष्कळांना ते रुचलं नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्यात अडचणी आहेत हे मीही मान्य करीन. आमचे पाळकसाहेब तर त्यावर तासभर बोलतील. पण मला वाटतं, घरात ठोमऱ्यांसारखा मुलगा वावरून गेल्यावर टिळकांना दाराशी नावं लिहून घ्यायला बसणं जमलं नसतं. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. दरबार फार चालला नाही.

मागे राहिलं 'ख्रिस्तायन'. येशूचं चरित्र ओवीत लिहायला त्यांनी घेतलं होतं, ते दहा-अकरा अध्यायांवर थांबलं. पुढचं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. ज्या बाईने नवऱ्याच्या हातचं पाणी वर्ष वर्ष घेतलं नव्हतं, जिला नवऱ्यानेच घरी अक्षरओळख करून दिली होती, तिने ते काव्य वर्षानुवर्षं पुढे नेलं. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हाही शेवट बाकी होता, तो मुलाने, देवदत्तांनी केला.

निवृत्तीनंतर मी ते वाचायला घेतलं आहे. ओवी मनातल्या मनात वाचली तर चाल हरवते, म्हणून मोठ्याने वाचते, संध्याकाळी, गॅलरीत. परवा शेजारच्या वहिनींनी पलीकडच्या गॅलरीतून विचारलं, "ताई, कुठली पोथी लावलीत?" म्हटलं, येशू ख्रिस्ताची, टिळकांनी लिहिलेली, अर्धी अधिक लक्ष्मीबाईंनी. मी थांबले, म्हटलं आवाजाचा त्रास होतोय का?

"नाही हो," त्या म्हणाल्या, "थांबलात कशाला? मी इथे भाजी निवडतेय, वाचा की पुढे."